विंडोज ७ मधील टच आणि लोकेशन : एका प्रोग्रॅमरचे परीक्षण

विंडोज ७ ही प्रणाली २२ ऑक्टोबर २००९ रोजी विक्रीस आली, तेव्हा तिच्याविषयी जे वाचायला मिळत होते त्यातला बहुतेक मजकूर नव्या टास्कबारवर आणि आधीच्या व्हिस्टा या आवृत्तीच्या तुलनेत ती किती सुसह्य आहे यावर खर्ची पडलेला असे. संगणक वापरणाऱ्याला तेवढे पुरेसे होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र या आवृत्तीत दोन गोष्टी नव्याने मिळाल्या. एकाहून अधिक बोटांचा स्पर्श ओळखणारी यंत्रणा ही पहिली, आणि संगणक पृथ्वीवर कोठे आहे हे कोणत्याही प्रोग्रॅमला एकाच पद्धतीने सांगणारी सेन्सर व लोकेशनची यंत्रणा ही दुसरी. दोन्ही वापरून त्या काळी काही महिने मी एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होतो. त्या कामातून जे मत बनले, ते येथे मांडतो.

प्रोग्रॅम साधाच आहे. सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे काही नकाशे मी स्कॅन करून ठेवले आहेत. ते पडद्यावर बोटाने सरकवता यावेत, दोन बोटांनी लहानमोठे करता यावेत आणि जीपीएस जोडलेला असेल तर आपण नकाशावर कोठे आहोत हे दाखवणारा ठिपका दिसावा, एवढीच अपेक्षा. त्यासाठी वापरलेल्या लॅपटॉपचा पडदा ११.६ इंची असून तो फिरवून पाटीसारखा हातात धरता येतो, आणि त्याला एका वेळी दोन बोटे कळतात.

टचच्या बाबतीत काहीही न करता जे पदरात पडते, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी मी लिहिलेला हिशेबाचा एक प्रोग्रॅम या यंत्रावर जसाच्या तसा चालवून पाहिला. त्या काळी स्पर्शाचा विचारही मनात नव्हता, तरीही यादीवर बोट वर-खाली फिरवताच यादी सरकली आणि बोट तसेच दाबून धरल्यावर राइट क्लिकचा मेनू उघडला. यामागे जादू नाही. प्रोग्रॅमने जेश्चरचा (बोटांच्या ठरावीक हालचालीचा) मेसेज, म्हणजे विंडोजने पाठवलेली सूचना, हाताळला नाही, की विंडोज स्वतःच त्याचे भाषांतर करते: सरकवण्याचे रूपांतर स्क्रोलबारच्या मेसेजमध्ये होते, आणि दोन बोटांच्या चिमटीचे रूपांतर कंट्रोलचे बटण दाबून माऊसचे चाक फिरवण्यात होते. टास्कबारवरील चिन्हावरून बोट वर ओढले, की जंप लिस्ट (त्या प्रोग्रॅममध्ये अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी) उघडते, हीसुद्धा अशीच आयती मिळालेली सोय. जुना प्रोग्रॅम बाद ठरवून नवा लिहा, असे प्रणालीने कोणालाही सांगितलेले नाही, आणि माझ्या मते टचच्या रचनेतली हीच सर्वांत शहाणपणाची बाब आहे.

यापुढची पायरी म्हणजे डब्ल्यूएम_जेश्चर हा मेसेज स्वतः हाताळणे. सरकवणे, झूम, फिरवणे, दोन बोटांची टिचकी, आणि एक बोट टेकवून दुसऱ्याने टिचकी मारणे, असे पाच प्रकारचे जेश्चर तयार स्वरूपात मिळतात. पहिल्याच संध्याकाळी माझा नकाशा वर-खाली सुरेख सरकू लागला, पण डावी-उजवीकडे तसूभरही हलेना. बराच वेळ मी स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत राहिलो. चूक नव्हतीच: एका बोटाने आडवे सरकवणे हे मुळातच बंद ठेवलेले असते, कारण आडवे बोट फिरवून मजकूर निवडला जातो आणि वस्तू ओढल्या जातात. नकाशासारख्या चित्राला तो नियम गैरसोयीचा, म्हणून सेटजेश्चरकॉन्फिग हे फंक्शन वापरून तो बदलावा लागतो. फिरवण्याचे जेश्चरही असेच मागून घ्यावे लागते. या दोन्ही गोष्टी दस्तऐवजात लिहिलेल्या आहेत, परंतु नवख्याची नजर जेथे पहिल्यांदा जाते तेथे त्या नाहीत.

झूमच्या मेसेजमधून 'किती पट' हे थेट मिळत नाही. दोन बोटांमधील अंतर मिळते, आणि आधीचे अंतर लक्षात ठेवून गुणोत्तर आपणच काढायचे असते. ते ठीकच आहे. खरी अडचण अशी, की या पायरीवर एका वेळी एकच जेश्चर ओळखले जाते. नकाशा हाताळताना माणूस दोन बोटे पसरता पसरता हातही थोडा सरकवतो आणि नकळत थोडा फिरवतोही. येथे मात्र झूम सुरू झाला की झूमच, आणि तो संपल्यावर सरकवणे सुरू होते. त्यामुळे जुन्या रेडिओची बटणे एकेक करून फिरवत असल्यासारखे वाटते. २००७ पासून ज्यांनी आयफोनवर छायाचित्रे चिमटीत धरून पाहिली आहेत, त्यांच्या हाताला हा तुटकपणा लगेच जाणवेल.

तो नको असेल तर तिसरी पायरी चढावी लागते. रजिस्टरटचविंडो हे फंक्शन वापरून आपली खिडकी नोंदवली, की डब्ल्यूएम_टच हा मेसेज येऊ लागतो. त्यात प्रत्येक बोटाला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ते टेकले, हलले की उचलले गेले याची नोंद असते. मात्र एका खिडकीला जेश्चरचे मेसेज तरी मिळतात किंवा टचचे तरी. दोन्ही एकदम मिळत नाहीत. शिवाय येथे मिळणारी स्थाने पिक्सेलच्या शंभराव्या भागात असतात. पडद्याच्या मध्यावर, म्हणजे ६८३ आणि ३८४ या पिक्सेलांवर बोट ठेवले, तर मेसेजमध्ये ६८३०० आणि ३८४०० हे आकडे येतात. त्यांना शंभराने भागायचे आणि ते संपूर्ण पडद्याच्या हिशेबातले असल्यामुळे आपल्या खिडकीच्या हिशेबात आणायचे, ही दोन्ही कामे मी पहिल्यांदा विसरलो होतो. बोटाखाली काढलेले वर्तुळ पडद्याबाहेर कोठेतरी दूर निघून गेले होते आणि मी कोऱ्या खिडकीकडे पाहत बसलो होतो.

सुदैवाने बोटांच्या या कच्च्या आकड्यांपासून हालचाल शोधण्याचे गणित आपल्याला करावे लागत नाही. त्यासाठी मॅनिप्युलेशन प्रोसेसर नावाचा तयार घटक सोबत दिलेला आहे. बोट टेकले, हलले, उचलले, एवढे त्याला कळवत राहायचे, आणि सरकणे, पसरणे, फिरणे या तिन्हींचे आकडे तो एकदम परत देतो. त्याच्या जोडीचा इनर्शिया प्रोसेसर बोट उचलल्यानंतरही नकाशा थोडा घरंगळत जाऊन हळूहळू थांबेल याची काळजी घेतो. हे दोन घटक जोडल्यानंतर माझा नकाशा पहिल्यांदा 'हातात आल्यासारखा' वाटला. सी++ मध्ये हे सारे जुळवायला मला दोन आठवडे लागले, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

तेवढा वेळ ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यासाठी डॉट नेट ४ (प्रोग्रॅम लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेली तयार चौकट) होते. १२ एप्रिल २०१० रोजी व्हिज्युअल स्टुडिओ २०१० सोबत ते आले, आणि त्यातील डब्ल्यूपीएफ या पडदे व खिडक्या रचण्याच्या भागात एखाद्या घटकावर 'इज मॅनिप्युलेशन एनेबल्ड' ही खूण केली, की वर सांगितलेले सर्व आकडे एकाच इव्हेंटमध्ये (प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सूचनेत) मिळतात. माझ्या नकाशाची दुसरी आवृत्ती अशी लिहिली तेव्हा टचचा भाग एका दुपारी संपला. डॉट नेट ३.५ वर अडकलेल्यांना मात्र मायक्रोसॉफ्टने दिलेली नमुन्यादाखलची लायब्ररी जोडून काम भागवावे लागे, आणि ते काम ठिगळ लावल्यासारखेच दिसे.

आता बोटाच्या आकाराविषयी, कारण टचचे यश अखेर तेथेच ठरते. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वारंवार लागणारे बटण किमान ४० × ४० पिक्सेलचे असावे. पडदा इंचाला ९६ पिक्सेल या नेहमीच्या घनतेचा असेल, तर असे बटण साडेदहा मिलिमीटरचे, म्हणजे बोटाला पुरेसे ठरते. परंतु माझ्या ११.६ इंची, १३६६ × ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर ही घनता इंचाला १३५ च्या आसपास जाते, आणि तेच बटण जेमतेम साडेसात मिलिमीटरचे उरते. नेहमीच्या टूलबारवरील १६ पिक्सेलचे चिन्ह तर तीन मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे. प्रणालीने स्वतःच्या घरात थोडी डागडुजी केली आहे, टास्कबारवरील चिन्हे मोठी आणि ऐसपैस केली आहेत. परंतु खिडकी बंद करण्याची फुली, कंट्रोल पॅनेलमधील दुवे आणि मेनूतील ओळी माऊसच्याच काळातल्या राहिल्या आहेत. आपला प्रोग्रॅम कितीही निगुतीने केला, तरी 'फाइल उघडा'ची चौकट समोर आली की बोट अडखळते.

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. कीबोर्ड मागे दुमडून पाटीवर लिहायचे ठरवले, तर पडद्यावर उमटणाऱ्या कीबोर्डवर मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा वापरता येतो. परंतु हस्ताक्षर ओळखण्याची जी सोय आहे, तिच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. नकाशावरच्या टिपा मराठीत लिहिण्याची सोय मी ठेवली, आणि स्वतःच ती फारशी वापरली नाही.

विंडोज ७ विकत मिळत होती तेव्हा खरेदी करणाऱ्यांनी आवृत्तीचे नाव नीट वाचून घेणे गरजेचे होते. विंडोज टच ही सोय होम प्रीमियम आणि त्यावरील आवृत्त्यांमध्येच आहे. त्या काळी नेटबुकांवर (छोट्या, स्वस्त लॅपटॉपवर) येणारी स्टार्टर आवृत्ती आणि भारतासारख्या बाजारपेठांसाठीच काढलेली होम बेसिक आवृत्ती यांत ती नाही. साहजिकच आपल्याकडच्या ग्राहकांसाठी प्रोग्रॅम लिहिताना पडदा टचचा आहे एवढे पाहून भागत नसे. गेटसिस्टिममेट्रिक्स या फंक्शनला एसएम_डिजिटायझर हा प्रश्न विचारून अनेक बोटांची सोय खरोखर उपलब्ध आहे का, याची खात्री प्रोग्रॅम सुरू होतानाच करावी लागे.

लोकेशनकडे वळण्यापूर्वी विंडोज ७ च्या आधी काय चालत आले होते, ते सांगितले पाहिजे. जीपीएसशी बोलायचे म्हणजे कॉम पोर्ट (बाहेरच्या साधनाशी माहितीची देवाणघेवाण करण्याची जोडणी) उघडायचा, माहिती येण्याचा वेग ४८०० बॉड ठेवायचा आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या एनएमईएच्या (जीपीएस ज्या ठरावीक नमुन्यात माहिती पाठवते त्या नमुन्याच्या) ओळी एकामागून एक वाचत राहायच्या, अशी रीत होती. त्या ओळीत पुण्याचा अक्षांश १८३१.२००० असा येतो. तो १८ अंश ३१.२ मिनिटे असा वाचायचा असतो, म्हणजे दशांशात १८.५२. घाईत कोणी तो १८.३१२ असा धरला आणि रेखांशाच्या ०७३५१.०००० या आकड्याचेही ७३.८५ ऐवजी ७३.५१ केले, तर पुण्यात खुर्चीवर बसलेला माणूस २३ किलोमीटर दक्षिणेला आणि सुमारे ३६ किलोमीटर पश्चिमेला, तोरण्याच्याही पलीकडे सह्याद्रीच्या रांगेत जाऊन पडतो. ही चूक मी केलेली आहे, आणि किल्ला न चढता तोरणा ओलांडल्याबद्दल मित्रांनी माझे अभिनंदनही केलेले आहे. त्यातच एका प्रोग्रॅमने पोर्ट उघडला की तो त्याचाच. दुसऱ्या प्रोग्रॅमला तेच जीपीएस वापरायचे असेल तर त्याने वाट पाहायची.

विंडोज ७ ने हा सगळा व्याप प्रोग्रॅमरच्या डोक्यावरून उतरवला आहे. आयलोकेशन या इंटरफेसकडे (प्रोग्रॅमने प्रणालीशी बोलण्याच्या ठरलेल्या मार्गाकडे) अहवाल मागितला, की अक्षांश आणि रेखांश सरळ दशांशात मिळतात, एकाच वेळी कितीही प्रोग्रॅमांना मिळतात, आणि ते जीपीएसवरून आले की आणखी कोठून, याची चौकशी करावी लागत नाही. अनेक साधने जोडलेली असतील तर अधिक अचूक साधन प्रणालीच निवडते. माझ्या लेखी या अहवालातील सर्वांत मोलाचा आकडा अक्षांशाचा नाही, तर त्रुटीच्या त्रिज्येचा आहे. मिळालेले स्थान किती मीटरच्या वर्तुळात खरे मानावे, हे तो सांगतो. मी ठिपक्याऐवजी त्याच त्रिज्येचे फिकट वर्तुळ काढतो. वर्तुळ लहान असेल तर पायवाट शोधता येते, आणि मोठे असेल तर निदान कोणत्या खोऱ्यात आहोत हे कळते. (जुन्या नकाशांचा पाया एव्हरेस्ट गोलाभाचा आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ चा, म्हणजे पृथ्वीच्या आकाराची दोघांची मापे वेगळी, त्यामुळे रूपांतर न केल्यास वर्तुळही थोडे सरकलेले दिसते. त्याचा दोष विंडोजला देता येणार नाही.)

इतकी नेटकी रचना असूनही ती वापरायला गेल्यावर घर बांधून तयार आहे, पण राहायला कोणी आलेले नाही, असा अनुभव येतो. माझ्याकडील ब्लूटूथ जीपीएस जुन्याच पद्धतीने कॉम पोर्टवर बोलतो, आणि त्याच्या उत्पादकाने सेन्सरचा ड्रायव्हर (साधनाची प्रणालीशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम) दिलेला नाही. अशा ड्रायव्हरशिवाय लोकेशनच्या यंत्रणेला ते साधन दिसतच नाही. अखेर योग्य ड्रायव्हर असलेले यूएसबी जीपीएस एका मित्राकडून आठवडाभरासाठी मागून आणले, तेव्हा कोठे चाचणी झाली. भोवतालच्या वायफायवरून स्थान ओळखणारी सोय प्रणालीसोबत दिलेली नाही, ही त्याहून मोठी उणीव आहे. लॅपटॉप बहुधा छपराखाली असतो आणि छपराखाली जीपीएसला उपग्रह दिसत नाहीत. म्हणजे ज्या जागी लॅपटॉप सर्वाधिक वापरला जातो, त्याच जागी ही यंत्रणा मुकी होते.

तेव्हा आधार उरतो तो 'डीफॉल्ट लोकेशन'चा. कंट्रोल पॅनेलमध्ये आपला पिन कोड, पत्ता आणि देश भरून ठेवला, की दुसरे कोणतेही साधन नसताना प्रोग्रॅमला तेच सांगितले जाते. हवामान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ते पुरते. नकाशाला ते घातक ठरू शकते, कारण पुण्याचा पिन कोड भरलेला लॅपटॉप कोकणात नेला तरी तो पुण्याचाच पत्ता सांगत राहतो. आणखी एक बारकावा असा, की पत्ता आणि अक्षांश-रेखांश हे दोन निराळे अहवाल आहेत आणि एकावरून दुसरा काढून देण्याचे काम प्रणाली करत नाही. जीपीएसवरून गावाचे नाव मिळेल, या आशेने कोणी थांबून राहू नये.

अहवालाच्या पाच अवस्था असतात: साधनच नाही, बिघाड आहे, परवानगी नाही, तयारी चालू आहे, आणि अहवाल उपलब्ध आहे. यांतील 'तयारी चालू आहे' या अवस्थेकडे दुर्लक्ष करू नये. बराच वेळ बंद असलेल्या जीपीएसला उपग्रह शोधायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात प्रोग्रॅमने 'स्थान सापडले नाही' असे जाहीर केले, तर वापरणारा पुन्हा त्या बटणाकडे फिरकत नाही.

परवानगीच्या बाबतीत माझे मत संमिश्र आहे. सर्व सेन्सर मुळात बंद असतात आणि प्रशासकाच्या हक्कानेच सुरू करता येतात, हे योग्य आहे. एखाद्या प्रोग्रॅमने स्थान वाचले की सूचनांच्या जागी चिन्ह दिसते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (प्रणालीतल्या घडामोडींच्या नोंदवहीत) नोंद राहते, हेही चांगले. पण एकदा सेन्सर सुरू केला की तो सर्वच प्रोग्रॅमांना खुला होतो. वापरकर्त्यांच्या खात्यांनुसार बंधन घालता येते, 'या प्रोग्रॅमला हो, त्या प्रोग्रॅमला नको' असे मात्र सांगता येत नाही. आयफोन प्रत्येक ॲपसाठी स्वतंत्रपणे विचारतो. माझ्या नकाशाला दार उघडून देणाऱ्याने त्याच दारातून कालच डाउनलोड केलेल्या अनोळखी प्रोग्रॅमलाही आत घेतलेले असते, आणि हे त्याला त्या क्षणी लक्षात येईलच असे नाही.

डॉट नेट ४ मध्ये लोकेशनचे काम 'जिओकोऑर्डिनेटवॉचर' या क्लासवर, म्हणजे तयार घटकावर, सोपवता येते. किमान किती मीटर हालचाल झाल्यावर कळवायचे ते त्याला सांगता येते. मी २० मीटर ठेवले आहे, कारण त्याहून कमी ठेवल्यास एका जागी बसून चहा पीत असतानाही वर्तुळ नकाशावर येरझारा घालते.

परवानगीची चौकट प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच उघडण्याचा मोह मी आवरला आहे. वापरणारा 'मी कोठे आहे' हे बटण दाबतो तेव्हाच ती समोर येते. त्याने नकार दिला किंवा साधनच सापडले नाही, तर त्याला आपली जागा नकाशावर बोट दाबून धरून स्वतः दाखवता येते, आणि तेवढ्यापुरते वर्तुळ काढलेच जात नाही.